आईचा विस्तव आणि माझा डबा

माझ्या आईच्या घरी गॅस आहे. सिलिंडरला तिने झालरीचं कापड शिवलंय, त्यावर पापडांचा डबा ठेवलाय आणि गाव सोडून मुंबईला गेलेला कुणी नातेवाईक चहाला आलाच, तर पापडांचा डबा खाली उतरतो. एरवी सगळं चुलीवर. रात्रीची जेवणं आटोपली की उरलेले निखारे ती एका कोपऱ्यात ओढते, त्यांच्यावर राख पसरते आणि हाताने थोपटते. सकाळी राख बाजूला सारून फुंकणी मारली की चार काटक्यांत जाळ. काडी ओढणं तिला उधळपट्टी वाटते. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अगदी खांद्यावर आहे. घराच्या मागच्या उताराच्या वरकस जमिनीत दोन वर्षांपूर्वी एक भेग पडली. आधी बोट जाईल एवढी होती, मग बैलाचा पाय अडकेल एवढी झाली. गेल्या आषाढात पाऊस धरून बसला, तेव्हा तहसीलातून निरोप आला की दरडीचा धोका आहे, सगळ्यांनी खालच्या शाळेत यावं. सगळे आले. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन आले, शेळ्या आणल्या, कोंबड्या पाट्यांत घालून आणल्या. आली नाही ती माझी आई.

का? तर चुलीत विस्तव होता.

मला हे फोनवर शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेव्हा मी महाडजवळच्या बिरवाडीत माझ्या स्वयंपाकघरात उभी होते आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. काकू म्हणजे आईच्या घराला लागून घर असलेली बाई, दोघी एकाच वर्षी वाडीत नांदायला आल्या. काकू म्हणाल्या, "मी किती सांगितलां तिला, चल गो, चल गो. तर बोलते, इस्तव एकटा टाकून कशी येऊ? राख भिजली तर इझंल." पुढे फोनच लागेना. टॉवर गेला, रस्ता गेला, सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारात शिरलं आणि माझा जीव टांगणीला लागला. भेग त्या खेपेला जागची हलली नाही. रस्ता उघडल्यावर मी वर गेले, तर आई चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? जेवलीस का?"

मी रडले, मग भांडले. तिला काही म्हणजे काही पटलं नाही. भेग मोठी आहे हे तिला कबूल. दरड येऊ शकते हेही कबूल. पण खालच्या शाळेत ओलं सरपण, गारठलेली जमीन, सगळ्यांच्या काडेपेट्या सादळलेल्या, तिथे जाऊन करायचं काय? कुडकुडत बसायचं? "त्यांच्या पोरांनी आदल्या खेपेस दोन दिवस कच्चे पोहे खाल्ले," हे तिचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. तिच्या छातीला गारठा सोसत नाही, हेही खरं होतं. आईशी भांडताना हीच पंचाईत होते. ती वेड्यासारखं वागते आणि मुद्दे मात्र शहाण्यासारखे मांडते.

म्हटलं ठीक आहे. विस्तवच पाहिजे ना? तो मी तुला डब्यात घालून देते.

तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो वर्षभर उतरला नाही. मुंबईच्या दादाला मी सांगितलं की आईसाठी आपत्कालीन डबा करतेय: बॅटरी, शिट्टी, गोळ्या, चिक्की, प्लास्टिकचा कागद आणि ओल्या लाकडालाही जाळ धरेल असं काहीतरी. माझा हा थोरला भाऊ वाडीला गणपतीत आणि शिमग्याला येतो, बाकीचं वर्ष फोनवरून काळजी करतो. त्याने लगेच व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. दाढीवाला एक गोरा माणूस बर्फात गुडघे टेकून बसतो, झाडाची कागदासारखी साल सोलतो, ठिणगी पाडतो आणि हसतो. मी दादाला विचारलं, हे झाड आंबेनळी घाटात कुठल्या वळणावर आहे? तर म्हणाला, "अगं, तत्त्व समजून घे." तत्त्व! काडी कुणालाही पेटवता येते. पण आषाढातलं सरपण काडीला भीक घालत नाही. काडी विझल्यावरही जे थोडा वेळ जळत राहील आणि ओल्या काटकीतलं पाणी चुरचुरत बाहेर काढील, ते हवं. एवढं तत्त्व मला आईच्या पोटातूनच समजलेलं होतं.

मग मी आमच्या गॅलरीत प्रयोग मांडले. आमचे हे कारखान्यात पाळीवर असतात आणि आग विझवायचं शिक्षण दर वर्षी घेतात. त्यामुळे मी पहिली काडी ओढली तेव्हा ते पाण्याची बादली घेऊन माझ्या मागे उभे राहिले आणि पुढचे कित्येक महिने तसेच उभे राहिले.

आधी रानातलं. शेवरीचा कापूस ठिणगीला आसुसलेला असतो खरा, पण पेटला म्हणेपर्यंत संपतो; त्याच्या भरवशावर कोण चहा करणार? नारळाचं सोडण उन्हाळ्यात झकास. तेच मी ओल्या फडक्याशेजारी ठेवून बघितलं, तर एका रात्रीत इतकं सादळलं की नुसता धूर. बांबूच्या पातळ ढलप्या बऱ्या, मात्र त्या कोयत्याने काढायच्या तर हात थरथरता नको. शेणी धुमसायला उत्तम, पण जाळ धरायला तिची मनधरणी करावी लागते, आणि भिजली की शेण ते शेणच. काजूची टरफलं मात्र खरी आडदांड. त्यांच्यात तेल असतं. एकदा पेटली की पावसाच्या चार थेंबांना दाद देत नाहीत. पण धूर असा की खालच्या मजल्यावरची बाई डोळे पुसत वर आली आणि यांचा दोरीवरचा गणवेश पुन्हा धुवावा लागला. यांनी बादली खाली ठेवून विचारलं, "आईंना दरडीतून वाचवून धुरात घालायचंय का?"

मग घरी केलेलं. फर्निचरवाल्याकडचा लाकडाचा भुसा मेणात कालवून गोळे केले. कापसाच्या बोळ्यांना पेट्रोलियम जेली चोळून ठासून डबीत भरले. कापराच्या वड्या आणल्या. कापूर ओलाव्यात पेटतो, पाण्यावर तरंगत जळतो, त्याचं काय सांगायचं? फक्त झाकण सैल राहिलं की हवेत विरून जातो. म्हणून बरणीत चार मिरी टाकल्या आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. भुशाचे गोळे मेण गरम असताना हातात धरवेनात, तेव्हा घरात जो साचा होता तो घेतला. मोदकाचा.

इथे माझी चूक झाली असं सगळे म्हणतात. मी म्हणते, डब्यावर मी मोठ्या अक्षरात 'दरडीसाठी' असं लिहिलं होतं. गणपतीला वाडीत गेले, तो डबा आईच्या हातात दिला आणि पाणी आणायला गेले. परत येते तो आरती सुरू. नैवेद्याच्या ताटात खोबऱ्याचे मोदक होते आणि त्यांच्या शेजारी माझे. रंग जरा काळपट, आईला वाटलं लेकीने गुळाचे केलेत. देव काही बोलला नाही. दादाने मात्र प्रसाद म्हणून एक उचलून चावला आणि त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो आरतीपेक्षा वरच्या पट्टीतला होता. सगळी वाडी हसली. आई हसली नाही. तिने दादाच्या हातातला उरलेला अर्धा मोदक घेतला, चुलीत टाकला, तो फरफरत पेटताना नीट बघितला आणि नाक मुरडून म्हणाली, "जळतो. पर मेणबत्तीचा वास येतो."

आणि कापूर? आरतीला घरातला संपला म्हणून माझी बरणी फोडली. मी विचारलं तर म्हणते, "कापूर उडतो गो, तुला ठावं नाय?" मी म्हटलं, कापूर उडाला, मग मिरी कुठे गेल्या? त्या दादाच्या घशासाठी काढ्यात गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

तरी मी हटले नाही. दुसऱ्या दिवशी आईला समोर बसवून एकेक दाखवलं. तिने परीक्षाही घेतली, अगदी तिच्या पद्धतीने: कापसाचे बोळे आणि सोडण पागोळ्यांखाली ठेवलं, पाणी पडू दिलं, मग उचलून काडी लावली. सोडण पाण्याला लागलीच शरण गेलं. कापसाचा बोळा तिने दोन बोटांनी पिळला, पिंजला, काडी लावली, आणि तो पिवळ्या ज्योतीने शांतपणे जळत राहिला. आईने त्यावर ओली काटकी धरली. काटकीच्या टोकाला पाण्याचा बुडबुडा आला, मग धूर, मग जाळ. मी जिंकले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"हाय, चांगला हाय," ती म्हणाली. "पर हा काय माझा इस्तव नाय."

आता मात्र मी चिडले. म्हटलं, आये, तुझा विस्तव म्हणजे तरी काय गो? गेल्या वर्षी तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा तो विझलाच होता ना? तू काकूंच्या चुलीतून करवंटीत आणलास. आणि काकूंचा विस्तव कुठला? त्यांच्या जावयाने मुंबईहून आणलेल्या लायटरचा! काकू दारातच बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावून साक्ष दिली. मला वाटलं, आता तरी ही गप्प बसेल. आई शांतपणे म्हणाली, "तिची चूल मी पेटवून दिलेली, माझ्याच चुलीतून. लायटर मागून आला." काकूंनी त्यालाही मान डोलावली. वाडीत असंच चालतं. एकीच्या चुलीतला निखारा दुसरीकडे जातो, दुसरीचा तिसरीकडे, आणि कुणाचाही विझला तर परत मागायला जायची सोय असते. मुळात तो कुणाचा, हे विचारायचं नसतं. मीच मूर्ख, विचारायला गेले.

खाली येताना मला एवढं कळून चुकलं होतं, की काय जास्त वेळ जळतं याच्याशी आईचं घेणंदेणं नव्हतं. जगातली सगळी जेली आणि सगळं मेण आणून ओतलं असतं, तरी ती त्यासाठी घर सोडणार नव्हती. तिला स्वतःच्या चुलीतला विस्तव बरोबर न्यायचा होता. घमेल्यात निखारे घेऊन ती निसरडी वाट उतरायची म्हणजे पहिल्या सरीत विझणार, आणि विझला की ही बया मागे फिरणार. मला तिचा इतका राग आला होता की एसटीची वाट बघत पोलादपूरच्या स्टँडवर मी नुसत्या येरझारा घालत होते.

आणि तिथेच टपरीला लटकलेली ती दोरी दिसली. काथ्याची जाड दोरी, खालचं टोक धुमसतंय. गिऱ्हाईक येतं, बिडी टेकवतं, ओढतं, जातं. आता सगळीकडे लायटर बांधून ठेवतात, पण या टपरीवर अजून दोरी आहे. लहानपणापासून मी ती हजारदा बघितली असेन. दादाच्या गोऱ्या माणसाच्या नादात ती डोळ्यांपुढे असून दिसली नव्हती. मी पुढे होऊन टपरीवाल्याला विचारलं, ही दिवसभर पुरते का? त्याने बाईमाणसाला बिडीच्या दोरीचं काय पडलंय अशा नजरेने बघितलं आणि म्हणाला, "दमट हवेत पन चालते, ताई. फक्त पानी लागू नका देऊ."

दुधाच्या पावडरीच्या डब्याला मी खिळ्याने भोकं पाडली, तळाशी राख घातली, त्यावर दोरीचं वेटोळं, वर झाकण. गॅलरीत रात्रभर धुमसत ठेवला. खालच्या बाईने पुन्हा तक्रार केली. यांनी पुन्हा बादली भरली. सकाळी झाकण उघडलं तर दोरीच्या टोकाला लाल डोळा तसाच होता. शिमग्याला मी तो डबा आईला नेऊन दिला आणि हात जोडून सांगितलं: निरोप आला की दोरीचं टोक तुझ्या चुलीत धर, डब्यात घाल, झाकण लाव आणि खाली उतर. तुझा विस्तव तुझ्याबरोबर. तो दुसरा डबाही घे, त्यात कापसाचे बोळे आणि काडेपेटी आहे, ते नुसतं जाळ धरायला. आईने पावडरीचा डबा फिरवून फिरवून बघितला, भोकांवर डोळा लावला. "बघू," म्हणाली आणि दोन्ही डबे चुलीवरच्या फळीवर ठेवले. तिच्या "बघू"ने माझे उन्हाळ्याचे सगळे महिने खाल्ले.

यंदाही पाऊस धरून बसला. निरोप आला. मी काकूंच्या फोनवर आईला बोलावलं आणि ओरडलेच, "आये, दोरी पेटव आणि निघ!" पलीकडून पावसाचा आवाज, मग आई: "वरडतेस कशाला? बघते." आणि फोन गेला. 'बघते'! त्या दिवशी मी काय शिजवलं, यांनी काय खाल्लं, मला आठवत नाही. शिव्या मात्र आठवतात. आईला दिल्या, तिच्या चुलीला दिल्या, दादाला तर फोन करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला. हे आणि मी गाडीने जाता येईल तेवढं गेलो, पुढे माती रस्त्यावर आली होती, तिथून चालत. शाळेच्या व्हरांड्यात पोचलो. काकू आधी दिसल्या. त्यांनी मान वर्गाकडे केली.

आई आत होती. तीन दगडांची चूल, त्यावर शाळेच्या खिचडीचं पातेलं, त्यात चहा उकळत होता. बाकी मंडळी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून आई म्हणाली, "आलीस? चहा घे."

मला आधी मिठी मारायची होती, आधी ओरडायचं होतं, यातलं काहीच झालं नाही. मी तिच्या शेजारी बसले. काकूंनी हलक्या आवाजात सांगितलं की सकाळी बापये माणसं वर जाऊन बघून आली. भेगेपासूनचा तुकडा खाली आलाय. आईच्या घराची पुढची पडवी उभी आहे. मागचं स्वयंपाकघर नाही. तिथे माती आहे, दगड आहेत आणि वरच्या शेतातलं आंब्याचं झाड आडवं पडलंय. चूल होती तिथे.

मी आईकडे बघितलं. तिने पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "चूल गेली. इस्तव आणला मी."

पावडरीचा डबा तिच्या मांडीशेजारी होता. मी सहज उचलला. झाकण काढलं. दोरीचं वेटोळं जवळजवळ पुरं होतं, टोक जेमतेम काळं झालेलं, आणि राखेचा चिखल झाला होता. दोरी वाटेत कधीच विझली होती. दुसरा डबा तिच्यामागे होता, दप्तरांच्या कपाटाला टेकवलेला. त्यात मी ठासून भरलेल्या कापसाच्या बोळ्यांत मोठा खड्डा पडला होता आणि काडेपेटी उघडी होती.

वर्षभर मी हेच सिद्ध करायला धडपडत होते. माझा कापूस, बिरवाडीच्या औषधवाल्याकडची जेली, ओलं सरपण, शाळेची ओली जमीन, आणि सगळ्या वाडीला पुरेल एवढा जाळ. "आये, दोरी..." मी म्हटलं.

"दोरीचं काय?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती निखारे कोपऱ्यात ओढून त्यांच्यावर राख पसरत होती आणि हाताने थोपटत होती.

हे दारातून म्हणाले, "आई, चला आता बिरवाडीला. पाऊस पुन्हा धरेल." आईने त्यांच्याकडे असं बघितलं जणू जावयाने काहीतरी भलतंच मागितलं. "आणि ह्याच्याकडं कोण बघील?"

म्हणजे आता हा इथला विस्तव. घर गेलं, चूल गेली, वर्षभराच्या माझ्या कटकटीनंतर बाई एकदाची जिवंत खाली उतरली, आणि आता शाळेतून हलायला तयार नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या वर्गातली एक सून करवंटी घेऊन आली. तिचं तान्हं रडत होतं, तिला पाणी तापवायचं होतं. "इस्तव देतेस का गो?" तिने आईला विचारलं.

आईने राख बाजूला केली, एक चांगला लाल निखारा निवडून करवंटीत ठेवला. "ने," म्हणाली. "घरचा हाय."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि आतला कापूस कुणाला दिसणार नाही असा तो दप्तरांच्या कपाटामागे सरकवला.